ढगळ पॅन्ट, बंद गळा आणि इंदूरचा नवरदेव

तुकोगंजकर
भाच्याचं लग्न माघात आहे. लग्नाला धोतर, उपरणं, पगडी; त्यावर घरात दुमत नाही. घोडं अडलंय ते रिसेप्शनवर. ताईला शेरवानी हवी, विजयनगरच्या शोरूममधली, खडे-मोती लावलेली, कॉलर मानेला टोचणारी. भाच्याला हवाय साधा काळा बंद गळा आणि खाली उंच कमरेची, दोन प्लेटांची, रुंद मोहरीची (म्हणजे खाली पायाशी मोठ्या घेराची) पॅन्ट. ताई म्हणते, "अण्णांची पॅन्ट घालून उभा राहणार का?" (अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या पॅन्टी खरोखरच तशा असायच्या आणि त्यांना फार शोभायच्या, पण हे ताईला आत्ता कोण सांगणार.)

मी भाच्याच्या पार्टीत आहे. इतकी वर्षं आपण पायाला चिकटलेल्या पॅन्टी घालून फिरलो ते कुणाच्या कृपेने? एडी स्लिमान नावाचा डिझायनर २००० साली दिओर या फ्रेंच फॅशन हाउसच्या पुरुष विभागात आला आणि त्याने कपडे इतके अरुंद कापले की ते अंगात जावेत म्हणून कार्ल लागरफेल्डसारख्या नामवंत डिझायनरने चाळीस किलोंच्या वर वजन उतरवलं. ती फॅशन आपल्या इंदूरच्या जेल रोडला पोचेपर्यंत तिच्यात स्ट्रेच कापड शिरलं आणि वजन उतरवायची गरजच उरली नाही. परिणाम आपण सगळ्यांनी गणपतीच्या मांडवात पाहिलेले आहेत.

आता वारं फिरलंय. तेही पहिल्यांदा नाही. १९२५ च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं असल्याच रुंद पॅन्टी घालत होती, सत्तरच्या दशकात बेलबॉटम येऊन गेली, आणि मग अर्मानी या इटालियन डिझायनरने कोटातलं बकरम-पॅडिंग काढून टाकून सगळं अंगावर सैल सोडलं. १९८० साली हॉलिवूडच्या रिचर्ड गेअरने पडद्यावर अर्मानीचे कपडे घातले आणि पुढची दहा-बारा वर्षं जगभरचे पुरुष तसेच दिसत होते.

अडचण टेलरची आहे. ज्याच्याकडे गेलो त्याने (नाव घेत नाही) भाच्याची जुनी पॅन्ट कापडावर पसरली, तिच्याच कडेने खडू फिरवला आणि फक्त खाली मोहरी वाढवून दिली. वर घट्ट, खाली तंबू. तर टेलरला नेमकं काय सांगायचं आणि कापड कुठलं घ्यायचं, हे कुणी सांगेल का? मॉलमधलं रेडिमेड सुचवू नका, सगळे मजले पाहून झालेत.

रामबागेतली
ताईंची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी. नवरीच्या अंगावर शालू आणि दागिने, आणि शेजारी नवरदेव ऑफिसातून थेट आलेला. फोटोत कसं दिसतं ते? शेरवानीने निदान कळतं तरी नवरा कुठला.

अर्थात शेरवानी परवडली असं वाटायला लावणारी गोष्ट म्हणजे हल्लीचा 'शाही लूक'. ऐतिहासिक सिनेमांची लाट आल्यापासून आपल्याकडचा प्रत्येक मुलगा अर्धा दिवस सरदार असतो. कपाळाला चंद्रकोर, कमरेला भाड्याची तलवार, कानात चिमट्याची भिकबाळी. अरे, भिकबाळी कानाच्या वरच्या भागात टोचून घालतात, तिचे मोती कानाला लगटून बसायला हवेत. मागे एका लग्नात नवरदेवाची भिकबाळी पंगतीत श्रीखंडात पडली. तलवार म्यानातून निघेना, आणि फोटोग्राफर ओरडतोय, "भिया, थोडी और खींचो!"

लष्करवाला
ग्वाल्हेरहून सहमती. इकडे शिंदेशाही पगडी भाड्याने मिळते ती गोंदाने चिकटवलेली. पुढची चोच वाकडी झाली की हाताने दाबून सरळ करतात आणि दुसऱ्याला देतात.

माणिकबाग_रोड
तुकोगंजकर, ताईंना एक चित्र दाखवा. दोन दाखवा. बेर्नार बुते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने आपल्या यशवंतराव होळकरांची (दुसऱ्या) दोन मोठी पोर्ट्रेट्स केली. पहिलं १९२९ चं, पाश्चात्त्य ईव्हनिंग ड्रेसमधलं. महाराज तेव्हा एकविशीत होते, शिडशिडीत, लांब बोटांचे. दुसरं पाचेक वर्षांनंतरचं, मराठा पोशाखातलं, पांढऱ्यावर पांढरं. त्या दुसऱ्या चित्रात गळ्यात 'इंदूर पेअर्स' आहेत, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, तुकोजीरावांनी, १९१३ साली पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून घेतलेले ते नासपतीच्या आकाराचे जोड हिरे, प्रत्येकी साधारण सत्तेचाळीस कॅरटचे.

आता नीट बघा. एवढे हिरे ज्याच्याकडे आहेत त्याने अंगरख्यावर एक टीप जरीची घेतलेली नाही. सगळा खेळ कापड खांद्यावरून कसं पडतं याचा. सूटमध्येही तेच. शरीर बारीक, पण कपडा शरीराला आवळलेला नाही. खांद्यावर पक्का आणि तिथून खाली मोकळा. हिऱ्यांना जागा हवी म्हणून कापड गप्प ठेवलंय. आपल्या शेरवानीवाल्यांना नेमकं हेच जमत नाही. ते कापडावरच हिरे चिकटवतात आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मान रे या फोटोग्राफरने महाराज आणि महाराणी संयोगिताराजे यांचे फोटो काढलेत, तेही शोधून बघा. खोड्या करणारं तरुण जोडपं आहे, दरबार कुठेही नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या म्युझे दे आर देकोरातीफने या माणसाच्या आवडीनिवडीवर आख्खं प्रदर्शन भरवलं होतं. माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतला तेव्हा महाराज पंचविशीच्या आतले. त्या वाड्यात आता केंद्रीय उत्पादन शुल्काचं कार्यालय आहे. आमच्या गल्लीतल्या लोकांना आत जायचं तर जीएसटीची नोटीस यावी लागते.

मिलएरियावाला
माणिकबाग, चित्रं सुंदर आहेत, पण ते परवडायला आधी संस्थान लागतं. इंदूरच्या कपड्यांचा इतिहास राजवाड्यात कमी आणि परदेशीपुऱ्याच्या गिरण्यांत जास्त आहे. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते. १९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली, आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आजोबा तोवर नव्हते.

पण कापड त्यांना कळायचं. दुकानात गेले की आधी कडेचा एक धागा उपटायचे आणि काडी लावायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटात भुरभुरते. पॉलिएस्टर आखडतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. दुकानदार 'प्युअर वूल है बाबूजी' म्हणत असायचा आणि हे त्याच्यासमोर तो मणी गादीवर ठेवायचे. बास, एक शब्द नाही. भाव आपोआप खाली.

आताची पोरं लेबल वाचतात आणि कापडाला हात लावत नाहीत. मला राग या गोष्टीचा आहे, पॅन्ट रुंद की अरुंद याचा नाही.

विजयनगरी
काका लोक, तुम्ही सगळे असं बोलून राहिले जसं काही आम्हाला काहीच कळत नाही. मी तेवीसचा आहे. आमच्या ग्रुपमध्ये कापडाचा जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) विचारल्याशिवाय कुणी टी-शर्ट घेत नाही. दोनशे चाळीसचा असेल तर खांद्यावरून सरळ पडतो, एकशे साठचा धुतला की चिंधी.

आणि ओव्हरसाइझ म्हणजे दोन साइझ मोठा घेणं नाही. चांगल्या ड्रॉप शोल्डर शर्टात खांद्याची शिवण मुद्दाम दंडावर उतरवलेली असते, पण लांबी कमरेशीच थांबते आणि गळा मापाचा असतो. नुसता एक्सएक्सएल घेतला तर गळा लोंबतो, बाह्या कोपराखाली येतात आणि लांबी मांडीवर. लोक हे घालून फिरतात आणि शिव्या ट्रेंडला पडतात. कोरियन पॉपवाल्यांचे कपडे ढगळ दिसतात, पण त्यातलं एकही माप चुकून मोठं झालेलं नसतं.

शाहरुख २०२५ च्या मेट गालाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या फॅशन सोहळ्याला, सब्यसाचीचा पायघोळ काळा लोकरी कोट घालून गेला. तो घरी दाखवा ना! भरतकाम नाही, सोबत गळ्यात 'के' लटकतोय आणि हातात वाघाच्या मुठीची काठी. तरी कुणी म्हटलं का, ऑफिसातून आला म्हणून?

रामबागेतली
शाहरुख गोणपाट घालून आला तरी कुणी म्हणणार नाही, बाळा. हा मुद्दा गैरलागू.

विजयनगरी
बरं, हा घ्या. गेल्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे २०२५ ला, लुई व्हितॉंचा पुरुषांचा शो पॅरिसमध्ये पॉंपिदू सेंटरसमोर झाला, तो सगळा भारतावर. मॉडेल्स चालत होते तो साप-शिडीचा पट होता, मुंबईच्या बिजॉय जैन यांच्या स्टुडिओने केलेला. त्याच आठवड्यात कार्तिक रिसर्च या आपल्याकडच्या ब्रँडने तिथल्या अधिकृत वेळापत्रकात शो केला. हातमागाचं कापड, हाताचं भरतकाम, सैल कट. आणि इथे आपण ठरवून राहिलोय की सैल म्हणजे अण्णांची पॅन्ट.

मिलएरियावाला
त्याच महिन्यात मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरी चपला निघाल्या, त्या मात्र कोल्हापूरचं नाव न घेता. २०१९ चं जीआय मानांकन असलेली वस्तू! बोंबाबोंब झाली तेव्हा मान्य केलं. नंतर डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला म्हणे, म्हणजे आरडाओरडा वाया जात नाही. पॅरिस-मिलानने पाहिलं की आपल्याला आपली वस्तू दिसते, हा जुना रोग आहे.

बडोदेकर
विषय थोडा वळवतो. साधेपणाचीच गोष्ट निघाली आहे तर १९११ चा दिल्ली दरबार आठवा. सगळे संस्थानिक हिऱ्यामोत्यांनी लगडून पंचम जॉर्जपुढे झुकले. आमचे सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात गेले, दागिने नाहीत, पदकं नाहीत. एकदा मान लववली आणि सरळ पाठ फिरवून निघाले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, महाराजांना दिलगिरीचं पत्रही लिहावं लागलं. पण कपड्यांच्या जोरावर साम्राज्याला एवढा झोंबणारा माणूस दुसरा दाखवा. बडोद्याच्या जामदारखान्यात तेव्हा काय काय होतं ते वेगळं सांगायला नको.

तुकोगंजकर
बडोदेकर, हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "ते रागावून गेले होते. आपल्याला रिसेप्शनला रागावून जायचंय का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नर्मदाकाठ
बंद गळा महेश्वरीचा करता येईल का, हा विचार कुणी केला नाही याचं नवल वाटलं. नव्वदेक किलोमीटरवर महेश्वर आहे. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात विणकर आणून वसवले, आणि मधल्या काळात माग थंडावले तेव्हा १९७८ साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी विणकरांसाठी रेहवा सोसायटी काढली. रिचर्ड म्हणजे वरच्या पोर्ट्रेटमधल्या यशवंतरावांचे चिरंजीव. ताईंना घराण्याचं नाव चालत असेल तर हे बरोबर लागू पडेल.

मात्र महेश्वरी सरळ टेलरच्या हातात देऊ नका. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, पोत झिरझिरीत. साडीला आणि उपरण्याला तो गुण आहे, कोटाला अवगुण. पाठीच्या मधल्या शिवणीवर आणि काखेत ताण आला की धागे शिवणीपासून सरकतात आणि तिथे जाळी दिसायला लागते. कापड फाटलेलं नसतं, पण फाटल्यासारखंच. त्याला आतून मलमलीचा पूर्ण थर द्यावा लागतो, दोन्ही कापडं आधी एकत्र टाचून मग कापायची. फ्युजिंगची (आतलं अस्तर चिकटवायची) गरम इस्त्री फिरवली तर रेशमाची चमक मरते. काठ छातीवर आडवा आणू नका. बुगडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ, बटणपट्टीच्या आत लावा. बटण उघडलं की तेवढीच रेघ दिसते. सगळ्यांना दिसायला हवी असेल तर मग शेरवानीच घ्या.

रामबागेतली
हे मला आवडलं. आणि बाराबंदीचं काय? कुणीच नाव घेत नाही. कीर्तनकारांची म्हणून आपण ती बाजूला टाकली, आणि डिझायनर मंडळी तीच बंदांची कल्पना अंगरख्याच्या नावाने विकतात. जाड महेश्वरी उपरण्याखाली पांढरी बाराबंदी आणि ती तुमची रुंद पॅन्ट. ताईंनाही चालेल, भाच्यालाही. बंद मात्र खरे बांधायचे. आत प्रेसबटण आणि वर खोटी गाठ असला प्रकार मी लांबून ओळखते.

कात्री
उशिरा आलो, दिवाळीनंतर हाताला वेळ नसतो. वडिलांचं दुकान मल्हारगंजात, आता मी बसतो. नाव टाकत नाही, जाहिरात होईल.

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो. रुंद पॅन्ट खालून रुंद होत नाही, वरून होते. आधी कमर कुठे बांधणार ते ठरवा. लो-वेस्टच्या काळात गिऱ्हाईक हाडाखाली पट्टा बांधायचं, समोरचं आसन (पट्ट्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं माप) नऊ-साडेनऊ इंचांवर आलं होतं. उंच कमरेला पट्टा बेंबीच्या जरा खाली येतो, त्याला आसन साडेअकरा-बारा लागतं, मुलाच्या उंचीप्रमाणे कमीजास्त. हे आसन न वाढवता नुसती मोहरी वाढवली की तुमचा तंबू झाला. जुन्या पॅन्टवरून कापणारा टेलर हे करूच शकत नाही, कारण त्या पॅन्टमध्ये ते आसनच नाही.

प्लेट शोभेची नसते. कमरेला मापात आणि मांडीला मोकळं, हे एकाच कापडात बसवायला ती घालतात. उभं राहिल्यावर मिटलेली दिसली पाहिजे, बसल्यावर उघडली पाहिजे. उभ्या माणसाची प्लेट तोंड उघडून बसली असेल तर सीट कमी पडली आहे. टेलर म्हणेल, "पहनते-पहनते बैठ जाएगी." नाही बसत. परत उसवायला लावा.

मोहरी पूर्ण गोलाईने मोजतो. चिकट पॅन्टची बारा-तेरा, साधी पंधरा-सोळा, ही अठरा ते वीस. उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर अठरावर थांबा. गुडघा मोहरीपेक्षा दोन-तीन इंच मोठाच हवा. गुडघा लहान आणि मोहरी मोठी केली की बेलबॉटम झाली, मग ताईंचं म्हणणं खरं.

कापड एम. टी. क्लॉथ मार्केटमधून घ्या, पण एकट्याने जाऊ नका, मिलएरियावाल्यांसारखं कुणी बरोबर न्या. लिनन नको. दोन पाहुण्यांना भेटून होईपर्यंत त्याचा चुरगळा होतो, आणि हलकं असलं तर पाय पायजम्यासारखे फुगतात. लोकर मिसळलेलं वजनदार सुटिंग बघा. थान उलगडून मीटरभर कापड एका कोपऱ्यातून धरा आणि सोडा. घड्या गोल, जड पडल्या तर घ्या; कोपरे पुठ्ठ्यासारखे बाहेर राहिले तर ठेवून द्या. नंतर मुठीत आवळून मनात दहा मोजा, मूठ सोडा. सुरकुती राहिली तर नको. पन्हा अठ्ठावन्न इंची असेल तर साध्या पॅन्टला सव्वा मीटर पुरतं, हिला दीड घ्या. दुकानदार 'सव्वा में हो जाएगा' म्हणेल, तो अरुंद पॅन्टचा हिशेब आहे.

बंद गळ्याची लांबी कमी ठेवा, सीट जेमतेम झाकेल इतकी. रुंद पॅन्टवर लांब कोट घातला की माणूस बुटका दिसतो. कॉलर दीड इंचाची, आत एक बोट फिरलं पाहिजे. जेवायला बसायचं आहे, घास गळ्याखाली उतरायला हवा.

आणि वर जे महेश्वरीबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. मलमल न लावता शिवलेले असले दोन-तीन कोट दर हंगामात दुरुस्तीला येतात. ते दुरुस्त होत नाहीत.

तुकोगंजकर
कात्री, तुमची पोस्ट छापून टेलरकडे नेतो. वेगळ्या टेलरकडे. बाराबंदीवर ताई 'बघू' म्हणाली आहे, हे आमच्या घरात पुष्कळ झालं. शेवटचं विचारतो: पायात काय? ताईने राजस्थानी मोजड्या आधीच आणून ठेवल्यात.

विजयनगरी
लोफर, काका. काळे, जाड सोलचे.

माणिकबाग_रोड
मोज्यांसकट, एवढं सांगा त्याला. घोटे दाखवायचे दिवस गेले.

कात्री
मोजडी या पॅन्टखाली नाही चालत. तळ चपटा, मोहरी पुढून पाऊल झाकते आणि मागून जमिनीवर घासते. इंचभर टाच हवी. ट्रायलला तेच बूट घालून या. निम्मी गिऱ्हाईकं चपलेत येतात आणि मग लांबी चुकली म्हणून भांडतात. मोजड्या धोतरावर घाला, ताईंचे पैसे वाया जाणार नाहीत.